ओठ हलत होते

शनिवारी शाळा सुटायच्या आधीच्या तासाला मी आठवी-नववीच्या मुलांना अधूनमधून जुना मूकपट दाखवते. आमची शाळा कर्णबधिर मुलांची. बोलपट लावला तर खाली आलेल्या ओळी वाचण्यातच मुलांचा जीव अडकतो, आणि मराठी सिनेमाला बहुतेक वेळा त्या ओळीही नसतात. मूकपटात ही अडचण येत नाही. तो जेव्हा बनला तेव्हा जगातला प्रत्येक प्रेक्षक आमच्या मुलांच्याच बाकावर बसलेला होता. चॅप्लिन लावला की मुलं वर्ग डोक्यावर घेतात, शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून जातात.

चॅप्लिन सगळा दाखवून झाला म्हणून एका रात्री दुसरं काहीतरी शोधत बसले होते, तेव्हा १९१३ सालचा 'हॅम्लेट' सापडला. इंग्लंडमध्ये बनलेला, जेमतेम तासाभराचा. हॅम्लेटच्या भूमिकेत जॉन्स्टन फोर्ब्स-रॉबर्टसन. नाव ओळखीचं नव्हतं. साठीचा माणूस राजपुत्र झालाय हे कळलं तेव्हा खरं सांगायचं तर बंदच करणार होते. पण पाच-सात मिनिटं गेली आणि मी खुर्ची पुढे ओढून बसले. कारण हा माणूस बोलत होता.

मूकपटातले नट तोंड हलवतात, पण ते नुसतं हलवणं असतं. दोन शब्द पुटपुटायचे, मग हात पसरायचे, डोळे मोठे करायचे, आणि मध्ये पाटी येऊन काय झालं ते सांगून जाते. इथे पाट्या होत्या, पण ओळ-दोन ओळींच्या. पाटी संपली तरी हा आपला बोलतच होता. शेक्सपियरची अख्खीच्या अख्खी वाक्यं, श्वास जिथे घ्यायचा तिथे घेत, वजन जिथे द्यायचं तिथे देत. समोर साधा मायक्रोफोनही नाही, आपला एक शब्दही कुणाला ऐकू जाणार नाही हे त्याला पुरतं ठाऊक आहे, आणि तरी त्याने एक मात्रा गाळलेली नाही.

माझं कामच ओठ बघण्याचं आहे. वीस वर्षं झाली. आमच्या मुलांना ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवताना पहिल्याच आठवड्यात कळतं की ओठ फार थोडं सांगतात. 'पापा', 'बाबा' आणि 'मामा' हे तिन्ही शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहा, तंतोतंत सारखे दिसतात. 'काका' म्हणताना तर ओठ काही करतच नाहीत, सगळं काम आत घशाशी होतं. त्यामुळे परभाषेतलं, काव्यातलं, शंभर वर्षांपूर्वीच्या फितीवरचं बोलणं मला सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. कॅमेरा लांब आहे, चेहरा बोटाच्या पेराएवढा. पण एक स्वगत असं आहे की ज्याची पहिली ओळ जगाला पाठ आहे. मी चित्र मोठं केलं आणि ती ओळ शोधली. 'टू'ला ओठांचा चंबू. 'बी'ला ओठ मिटून लगेच दोन्ही बाजूंना ताणलेले. 'ऑर'ला जबडा किंचित खाली. 'नॉट'ला काही दिसत नाही, जीभ दातांमागे. पुन्हा चंबू, पुन्हा मिटलेले ओठ. मी तीन-चार वेळा मागे नेऊन पाहिलं. रात्रीचा एक वाजला होता, आणि मी त्या ओळीबरोबर स्वतःचे ओठ हलवत होते.

मग मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले, आणि जे वाचलं त्याने जीव चरकला. या माणसाची ख्याती होती ती आवाजासाठी. इंग्रजी रंगभूमीवर त्या पिढीत इतका गोड, इतका स्वच्छ आवाज दुसरा नाही असं त्यांच्याबद्दल वारंवार लिहिलं गेलं. आणि त्यांच्या अभिनयाचं सर्वांत मोठं जे काही आपल्या हाती उरलं, ते आहे हा मूकपट.

ते नट व्हायला निघालेलेच नव्हते. जन्म १८५३ सालचा, लंडनचा. वडील मूळचे ॲबर्डीनचे, कलासमीक्षक. अकरा भावंडांत हे थोरले. चित्रकार व्हायचं ठरलेलं आणि रॉयल अकादमीच्या कलाशाळेत शिकत होते. चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेटी घरोब्यातला. त्याच्या एका प्रचंड चित्रासाठी हा कोवळा मुलगा मॉडेल म्हणून उभा राहिला. ते चित्र आज लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे: कवी दान्तेला स्वप्नात बिआट्रिसचा मृतदेह दिसतो, लाल वस्त्रातला प्रेमदेव दान्तेचा हात धरून त्याला तिच्याशी घेऊन येतो आणि वाकून तिचं चुंबन घेतो. त्या प्रेमदेवाचा चेहरा फोर्ब्स-रॉबर्टसन यांचा. त्यांची एक जुनी छबी आपल्यापर्यंत आली ती अशी, रंगात थिजलेली, ओठ मिटलेली.

घर मोठं, मिळकत हवी, म्हणून १८७४ मध्ये ते रंगमंचावर उभे राहिले. आपल्याकडच्या कितीतरी नटांची कहाणी अशीच सुरू होते. फरक इतकाच की यांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवलं, की अभिनय करताना मला आनंद क्वचितच मिळाला, रंगमंचावर जाण्याची धास्ती कधी गेली नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं. रोज वर्गात पाऊल टाकताना माझ्याही पोटात अजून गोळा येतो, आणि तरी त्या दारातून आत जायचंच असतं.

त्यांना गुरू भेटले सॅम्युअल फेल्प्स. लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरात १८४४ ते १८६२ अशी अठरा वर्षं ज्यांनी शेक्सपियर लावून धरला ते फेल्प्स. फेल्प्स आधीच्या पिढीतल्या मॅक्रेडी या नटाच्या हाताखाली काम केलेले. गाण्यात जशी तालीम खालच्या पिढीकडे येते तशी काव्य बोलण्याची ही तालीम आली: ओळ कुठे उचलायची, श्वास कुठे चोरायचा, शेवटचा शब्द कसा पडू द्यायचा नाही. फोर्ब्स-रॉबर्टसन यांनी गुरुदक्षिणा आपल्या पहिल्या विद्येतून दिली. त्यांनी शेक्सपियरच्या 'हेन्री आठवा'मधल्या कार्डिनल वुल्झीच्या वेशातल्या फेल्प्सचं चित्र काढलं, ते गॅरिक क्लबमध्ये लागलं.

मधली वीसेक वर्षं मी भरभर सांगते, कारण त्यात इतर कुणाही गुणी नटाची असते तशीच चढउताराची वाट आहे. हेन्री आयर्व्हिंगच्या मंडळीत दुय्यम भूमिका केल्या, मिसेस पॅट्रिक कॅम्बेलबरोबर नाटकं केली, स्वतःची मंडळी काढली. हॅम्लेट मात्र ते चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत करत नव्हते. आयर्व्हिंगनेच आग्रह केला आणि आपलं लायसियम थिएटर त्यांना दिलं. ११ सप्टेंबर १८९७ रोजी पडदा उघडला. हॅम्लेटची प्रेयसी ऑफीलिया होत्या मिसेस कॅम्बेल.

त्या प्रयोगावर बर्नार्ड शॉने लिहिलेलं परीक्षण मी वाचलं आणि मला चित्रपटात काय दिसलं होतं ते उलगडलं. शॉचं म्हणणं असं: बाकीचे नट अर्धी ओळ म्हणतात, थांबतात, अभिनय करतात, मग उरलेली अर्धी म्हणतात, पुन्हा थांबून अभिनय करतात, आणि घड्याळ शेक्सपियरचा वेळ खात पुढे पळत असतं. फोर्ब्स-रॉबर्टसन तसं करत नाही. त्याचा अभिनय ओळीवरच असतो, बोलणं आणि करणं एकाच क्षणी, वेगळं काढता न येण्यासारखं, खरं तर ते एकच. (कापून टाकायची रूढी असलेला नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिनब्रास या प्रयोगात शेवटी परत आला, तोही शॉच्याच सल्ल्याने. पुढच्याच वर्षी शॉने 'सीझर अँड क्लिओपात्रा' लिहिलं, तेही याच नटाला डोळ्यांसमोर ठेवून.)

बोलणं आणि करणं एकच. आमच्या शाळेत हे वाक्य कुणी इतक्या नेमकेपणाने सांगत नाही, पण आम्ही दिवसभर त्यावरच तर काम करतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला आवाज म्हणजे काय ते कसं सांगणार? त्याचा हात माझ्या गळ्यावर ठेवते, मग त्याच्या स्वतःच्या गळ्यावर. फुगा गालाशी धरायला देते आणि पलीकडून बोलते, फुगा थरथरतो. 'प' शिकवताना तोंडासमोर कागदाची पट्टी धरते, ती उडाली की 'प', नुसती हलली तर 'ब', ढिम्म राहिली तर 'म', आणि मग बोट नाकपुडीशी. आवाज ही कानाची गोष्ट नंतर होते. आधी तो छातीत असतो, पोटात असतो, नाकाच्या हाडात असतो. ज्याने आयुष्यभर आवाज असा सगळ्या अंगाने वापरला, त्याचा आवाज आपल्यापासून काढून घेतला तरी बाकीचं शरीर जागेवर राहतं. पडद्यावर ते राहिलंय. एखादं लांब वाक्य सुरू करण्याआधी त्यांचे खांदे वर जात नाहीत, बरगड्या आडव्या फुलतात. असा श्वास गवयाचा असतो. माना उंच करून श्वास घेणारी मुलं मला रोज सुधारावी लागतात, म्हणून ते मला लगेच दिसलं.

हॅम्लेट नाटकात स्वतः हॅम्लेटच नटांना धडा देतो. शब्दाला साजेशी कृती करा, कृतीला साजेसा शब्द बोला, हाताने हवा कापत बसू नका. त्या प्रवेशात फोर्ब्स-रॉबर्टसन यांचे हात पाहण्यासारखे आहेत. दुसऱ्याला शिकवतोय तेच ते स्वतः पाळतात.

आता १९१३. हे साल आपण मराठी माणसं वेगळ्या कारणाने जपतो. ३ मे रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याच वसंतात लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात फोर्ब्स-रॉबर्टसन यांचा निरोपाचा मोसम चालू होता. ६ जूनला त्यांनी तिथे शेवटचा हॅम्लेट केला, त्याच दिवसांत त्यांना सर किताब मिळाला. आणि निरोप घेता घेताच हा चित्रपट निघाला, तीच नटमंडळी घेऊन. ऑफीलियाच्या भूमिकेत आता त्यांची अमेरिकन पत्नी गर्ट्रूड एलियट. निर्मिती सेसिल हेपवर्थची, दिग्दर्शकाचं नाव 'हे प्लम'. स्टुडिओ थेम्सकाठच्या वॉल्टन गावात, आणि नाटकातला एल्सिनोरचा किल्ला डॉर्सेटमधल्या लुलवर्थ कोव्ह इथे खऱ्या समुद्राकाठी उभारलेला.

वॉल्टन आणि हेपवर्थ ही नावं वाचून मी थबकले. फाळक्यांच्या चरित्रात ती वाचलेली होती. १९१२ च्या सुरुवातीला दादासाहेब विमा गहाण टाकून लंडनला गेले, तिथल्या 'बायस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना हेपवर्थकडे नेलं, आणि हेपवर्थने आपला वॉल्टनचा स्टुडिओ या अनोळखी भारतीय माणसाला खातं न् खातं फिरवून दाखवला. म्हणजे जिथे उभं राहून फाळक्यांनी फिल्म कशी धुतात, कशी छापतात ते पाहिलं, त्याच आवारात वर्षभराने फोर्ब्स-रॉबर्टसन हॅम्लेटचा वेश चढवून आले. दोघेही मुळात चित्रकार. एक चित्रकलेतून सिनेमाकडे धावत सुटलेला, दुसरा चित्रकला सोडावी लागली म्हणून चाळीस वर्षं रंगमंचावर उभा असलेला. त्यांची भेट झाली नाही. पण त्या स्टुडिओच्या काचेच्या छपराखाली दोघांच्या पायाखालची जमीन एक होती, हे मला कितीतरी दिवस पुरलं.

आणि हॅम्लेट तरी आपल्याला परका कुठे होता? आगरकरांनी त्याचं 'विकारविलसित' केलं, डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांत त्या कामाला हात घातला होता. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी त्यातला चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेटच, असा गाजवला की पिढ्यांनी त्याच्या आठवणी सांगितल्या. लंडनमध्ये फोर्ब्स-रॉबर्टसन आणि इकडे गणपतराव, दोघे एकाच काळात एकच राजपुत्र जगत होते.

चित्रपट म्हणून तो थोर आहे असं मी म्हणणार नाही. कॅमेरा एका जागी खिळलेला, नट रंगमंचावरच्यासारखे ओळीने उभे, ऑफीलियाला वाव कमी. नाटक ज्याला माहीत नाही त्याला गोष्ट कळणं कठीण. समुद्राकाठी येणारं पारदर्शक भूत तेवढं मुलांना आवडलं, एकावर एक चित्र घेऊन केलेली ती करामत आजही चांगली दिसते. पण त्या बाकीच्या सगळ्या ताठ चौकटीत हा साठ वर्षांचा माणूस विशीतल्यासारखा चालतो, आणि थांबतो तेव्हा चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांतून जो शहाणपणा येतो तो विशीतल्या कुणाला आणता आला नसता.

तो टिकला हेही नवल. पुढे १९२४ मध्ये हेपवर्थचं दिवाळं निघालं आणि त्याच्याकडच्या निगेटिव्ह वितळवून चांदी काढून विकली गेली. किती माणसांचे चेहरे त्या चांदीत गेले असतील. आपल्या 'राजा हरिश्चंद्रा'चाही तुकडाच उरलाय, तेव्हा हे दुःख आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

निरोपानंतर फोर्ब्स-रॉबर्टसन अमेरिकेत फिरले, १९१६ मध्ये हार्वर्डच्या सँडर्स थिएटरात हॅम्लेट शेवटचा केला आणि तो वेश कायमचा उतरवला. १९१८ मध्ये आणखी एक मूकपट आला, 'द पासिंग ऑफ द थर्ड फ्लोर बॅक', त्यांच्या गाजलेल्या नाटकावरचा. भाड्याच्या खोल्यांच्या घरात एक अनोळखी पाहुणा येतो आणि तिथली सगळी हेकट, भांडकुदळ माणसं हळूहळू बदलतात. फोर्ब्स-रॉबर्टसन यांना चार मुली, त्यातली जीन मोठी नटी झाली, ब्लॉसम चक्क विमानांची रचना करू लागली. म्हातारपणी त्यांनी हॅम्लेटमधलं थोडं बोलून ध्वनिमुद्रित केलं, ते आहे. मी ऐकलं. खरखरीतून येणारा पंचाहत्तरीचा आवाज आहे तो, सुंदरच आहे. पण ड्रुरी लेनचा आवाज मला त्यात सापडला नाही. तो मला मूकपटातच जास्त सापडतो. १९३७ च्या नोव्हेंबरात डोव्हरजवळच्या सेंट मार्गारेट्स बे इथे ते गेले.

आमच्या शाळांच्या पाट्यांवर पूर्वी 'मूकबधिर विद्यालय' असं लिहिलेलं असायचं. आता 'कर्णबधिर' लिहितात. एका शब्दाचा हा बदल आम्हा शिक्षकांच्या डोळ्यांदेखत झाला आणि तो फार खरा आहे. मुलं मुकी नसतातच. ती बोलतात, हातांनी, चेहऱ्याने, आणि जमेल तशी आवाजाने. मी नोकरीला लागले तेव्हा मात्र आम्ही त्यांना खुणा करू देत नसू. 'हात खाली' हे वाक्य मी किती मुलांना सांगितलं असेल. तोंडाने बोलायला शिकायचं तर हात बंद ठेवले पाहिजेत असं तेव्हा सगळीकडे मानत, मीही मानलं. ते हात मला अजून दिसतात, मांडीखाली दाबून धरलेले. त्या मुलांतलं कुणी भेटलं की आता मी आधी माझे हात वर करते.

मूकपट हा शब्दही तसाच चुकलेला आहे असं मला हा हॅम्लेट पाहून वाटू लागलं. पडद्यावरचा माणूस कुठे मुका आहे? तो पूर्ण ताकदीने बोलतोय. ऐकू येत नाही ते आपल्याला.

शनिवारी मी चित्रपटातली निवडक पंधरा मिनिटं मुलांना दाखवली. आधी फळ्यावर गोष्ट काढून सांगितली: राजा, भाऊ, विष, राणी, मुलगा. चॅप्लिनसारखा दंगा झाला नाही. भूत आल्यावर दोघेजण बाकावरून उठले. स्मशानात कवटी हातात घेतल्यावर एकाने खुणेने विचारलं, ती कोणाची? विदूषकाची, मी सांगितलं, लहानपणी याला पाठीवर घेऊन खेळवायचा. त्याने बराच वेळ त्या कवटीकडे पाहिलं.

तास संपला, मुलं दप्तरं घेऊन पळाली. एक मुलगी थांबली. आठवीतली, श्रवणयंत्र लावूनही तिला फारच थोडं ऐकू येतं. तिने टेबलाशी येऊन लॅपटॉपच्या स्पीकरवर तळवा ठेवला. गाणं लावलं की आमची मुलं असंच करतात, थरथर हाताने घेतात. स्पीकर शांत होता. तिने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मान हलवली, आवाज नाही. तिने पडद्यावरच्या त्याच्या ओठांकडे बोट केलं, तो तर बोलतोय. मग माझ्या गळ्यावर हात ठेवला आणि हनुवटीने खूण केली, तुम्ही म्हणा.

मी चित्रफीत मागे नेली, त्या ओळीपाशी आणली आणि त्याच्याबरोबर म्हणू लागले. टू बी ऑर नॉट टू बी. तिचे डोळे त्याच्या तोंडावर, बोटं माझ्या कंठावर. पाच-सहा ओळी झाल्या असतील. तिने हात काढला आणि नाकपुड्या फेंदारल्या.

"बाई," ती खुणेने म्हणाली, "जुळत नाही. तो पुढे जातो, तुम्ही मागे राहता."

मी पुन्हा सुरुवातीला आणलं. तिने पुन्हा हात ठेवला.